दुसऱ्या गोळीचा रंग

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. नाव पडलं तेव्हा ती नोकरीत नवी होती. शहरभरच्या नळांखाली बाटल्या धरत फिरायचं, हेच तिचं काम. पंपावरच्या एका ऑपरेटरने एक दिवस हाक मारली, "काय बाटलीबाई, आज किती बाटल्या झाल्या?" आणि सगळ्यांच्या आधी तीच हसली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. तो ऑपरेटर कधीच निवृत्त झाला, हसू कधी आटलं ते तिचं तिलाही कळलं नाही, नाव मात्र चिकटून राहिलं.

काम अवघड नव्हतं, पण ते संपायचं नाही. सकाळी सातला खात्याची गाडी निघायची. शाळेचा नळ, दवाखान्याचा नळ, टाकीखालचा नळ, टोकाच्या वसाहतीतलं शेवटचं घर, अशा चोवीस जागा. प्रत्येक ठिकाणी नळ दोन मिनिटं सोडून ठेवायचा, मग बाटली भरायची, चिठ्ठी लावायची, पुढे निघायचं. जंतूंच्या तपासणीच्या बाटलीत आदल्या दिवशीच चिमूटभर हायपो घातलेलं असायचं. हायपो म्हणजे साखरेसारखे दिसणारे खडे. ते पाण्यातला क्लोरीन मारतात. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जंतू मरून जायचे आणि वाईट पाणीसुद्धा चांगलं ठरायचं. दुपारभर उभं राहून या सगळ्या बाटल्या तपासायच्या, आकडे रजिस्टरमध्ये चढवायचे. दुसऱ्या दिवशी तेच नळ, तेच आकडे, फक्त तारीख नवी. पन्नाशी जवळ आली तसं तिच्या टाचांनी बोलायला सुरुवात केली होती. संध्याकाळी घराचा जिना चढताना ती कठडा धरून दोनदा थांबायची.

घरी मोठे दीर असायचे. नवरा धरणाच्या कामावर यंत्रं बसवायला गेलेला, महिन्यातून दोनदा येणार. दीर, म्हणजे भाऊजी, एकाहत्तर वर्षांचे. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर उभे राहिले आणि त्या मशीनने त्यांचे कान खाल्ले. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आले ते दोन ट्रंका आणि एक भलीमोठी काचेची टाकी घेऊन. टाकी पुढच्या खोलीत ठेवली गेली. त्यामुळे दारातून आत आलं की आधी मासे दिसायचे, मग माणसं.

भाऊजी कमी बोलायचे. बोललं की समोरचा उत्तर देतो, ते ऐकू येत नाही, मग पुन्हा विचारावं लागतं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. माशांशी मात्र ते मोकळेपणाने आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलायचे. मासे उत्तर देत नाहीत, त्यामुळे तिथे पंचाईत नव्हती. एकोणीस मासे होते. त्यांतली एक नारिंगी गोल्डफिश अकरा वर्षांची. तिला ते म्हातारी म्हणायचे.

दर रविवारी टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदलायचं, हा त्यांचा नेम. नवं पाणी शुक्रवारीच नळावरून दोन निळ्या पिंपांत भरून बाल्कनीत उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. रविवारी सकाळी दुकानातून आणलेल्या कागदी पट्ट्या त्या पाण्यात बुडवायच्या, रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायचे, वहीत लिहायचे. क्लोरीन शून्य, असं दिसल्यावरच पाणी आत जायचं. अकरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

तिने त्या वहीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. दिवसभर पाणीच तपासून आलेल्या बाईला घरी पाण्याचं नावही नको असायचं. ती टाकीकडे पाठ करून बसायची आणि भाऊजींनी केलेला चहा प्यायची.

त्या सोमवारी मात्र ती साडेपाचला घरी आली तेव्हा चहा झालेला नव्हता. भाऊजी टाकीसमोर स्टुलावर बसले होते. हातात छोटी जाळी. पायाशी वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर स्टीलच्या ताटात आठ मासे ओळीने मांडलेले.

"काय झालं, भाऊजी?" तिने हाताने खूण करत विचारलं.

"गेल्या रविवारपासून सुस्त होते. काल पाणी बदललं तसे वर येऊन तोंडं उघडायला लागले. हवा दुप्पट केली. उपयोग नाही." त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "पाणी तपासूनच घातलंय. बघ. क्लोरीन शून्य. सगळं बरोबर आहे."

टाकीत उरलेले मासे पाण्याच्या कडेला तोंड लावून होते. म्हातारी एका कोपऱ्यात तिरकी झाली होती आणि तिचे कल्ले भराभर उघडमिट करत होते.

"तुमच्या पाण्यात काही बदललंय का गं?" भाऊजींनी विचारलं.

आवाजात आरोप नव्हता. आज गाडीला उशीर झाला का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली आणि मान हलवली.

खोटं बोलायचं असं तिच्या मनातही नव्हतं. बावीस वर्षं लोक तिला हाच प्रश्न विचारत आले होते. पाण्याला वास का येतो, पाणी पांढरं का दिसतं, काही बदललंय का. आणि ती म्हणत आली होती, नाही. तो शब्द आता विचाराची वाट बघत नसे. ती हात धुवायला आत गेली, नळ सोडला, पाणी हातावर पडलं आणि मग तिला आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी बदललं होतं. शहर चारी बाजूंनी वाढलेलं, नव्या वसाहतींपर्यंत पाणी पोचेतो त्यातला क्लोरीन संपून जायचा. म्हणून खात्याच्या साहेबांनी वरून मंजुरी आणून पाण्यात क्लोरीनबरोबर थोडा अमोनिया सोडायला सुरुवात केली. दोन्ही मिळून क्लोरामाइन होतं. ते उडून जात नाही, शेवटच्या नळापर्यंत टिकतं. माणसाने प्यायलं तर काही होत नाही. माशाच्या कल्ल्यांतून ते थेट रक्तात जातं आणि मग कितीही हवा सोडली तरी मासा गुदमरतो. पिंप दोन दिवस उघडं ठेवून ते जात नाही. आणि दुकानातल्या साध्या पट्टीला ते दिसतही नाही.

हे सगळं तिला ठाऊक होतं. यापेक्षा वाईट होतं ते पुढचं. कुणाकुणाला कळवायचं, त्या नोटिशीचा मसुदा साहेबांनी तिलाच करायला दिला होता. जुन्या फायलीत नमुना होता. तिने तो उतरवून काढला. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त शुद्ध करणारी केंद्रं, औषधांचे कारखाने, आणि सगळ्यात शेवटी, शोभेचे मासे पाळणारे व विकणारे. ती शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जात होती. प्रिंटर आदल्या दिवसापासून कागद गिळत होता, गाडी सुटायला दहा मिनिटं होती, टाचा ठणकत होत्या. तिने ती ओळ काढून टाकली. नोटीस एका पानात बसली. घरात एकोणीस मासे असलेल्या बाईने ती ओळ काढली, आणि काढताना तिला घर आठवलंसुद्धा नाही.

तिने नळ बंद केला. मग तिने चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी सांगायचं बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना विचारून प्रयोगशाळेतून दोन काचनळ्या, गोळ्यांची पाकिटं आणि रंगांचा तक्ता घरी आणला. आपली खात्री आहे ती खात्री नसून नुसती भीती असेल, अशी तिला आशा होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने पिंपात उरलेलं पाणी नळीत घेतलं आणि त्यात पहिली गोळी टाकली. गोळी विरघळली. पाणी जवळपास तसंच राहिलं.

"शून्य," भाऊजी मागून म्हणाले. "मी म्हटलं होतं."

तिने दुसरी गोळी टाकली. ही गोळी लपलेला क्लोरीन बाहेर काढते. दोन मिनिटांत पाणी गुलाबी झालं, चांगलं गडद.

भाऊजींनी नळी तिच्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी नेली. चाळीस वर्षं त्यांनी शाईचे रंग जुळवले होते. त्यांनी नळी उजेडात धरली, मग खाली पांढरा कागद धरून वरून पाहिलं.

"किती म्हणायचं हे?" त्यांनी विचारलं.

तिने तक्ता लावला. "दोन."

"दोन नाही. दोनच्या जरा खाली. दोनचा रंग यापेक्षा जड आहे."

प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तेच पाणी तिने बुधवारी लावलं तेव्हा आकडा आला एक पूर्णांक आठ. पण त्या क्षणी तिला आकड्याचं काही नव्हतं. ती ओट्याला टेकली आणि तिने सांगून टाकलं. पाणी बदललंय. मला माहीत होतं. माशांची ओळ मी काढली.

भाऊजींनी कानामागे हात धरला. "काय?"

तिने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी शेजारीण हातातला टॉवेल तसाच धरून थांबली. एकेक शब्द सुटा करून, ओरडून, बाटलीबाईने आपली चूक सगळ्या मजल्याला ऐकवली.

भाऊजींनी नळी हळूच ओट्यावर ठेवली.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, चुकीचं ऐकलं."

ते पुढच्या खोलीत निघून गेले.

त्याच संध्याकाळी तिने प्रयोगशाळेतून मागून आणलेलं हायपो मोजून पाण्यात विरघळवलं आणि टाकीत सोडलं. इतकी वर्षं रोज चिमूट चिमूट हाताळलेली वस्तू. भाऊजींनी पुडी उघडून वास घेतला. "हे छापखान्यात असायचं. फिल्म धुवायला," एवढंच म्हणाले आणि पुडीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती कपाटात ठेवली. दुसऱ्या गोळीने पाणी गुलाबी व्हायचं थांबलं. अकरातले सहा मासे तगले. म्हातारी गुरुवारी दुपारी गेली. संध्याकाळी बाटलीबाई घरी आली तेव्हा बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीतली माती नुकती उकरून दाबलेली दिसत होती.

त्या आठवड्यात भाऊजी तिच्याशी बोलले नाहीत. चहा मात्र रोज होता. कप तिच्यासमोर ठेवायचे आणि ती उचलायच्या आत निघून जायचे. भांडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. पण भांडायलाही दोघांत ताकद लागते आणि तिच्यात ती उरली नव्हती. नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मासे गेले थोडे," आणि त्याने विचारलं, "दादा कसा आहे?" "जेवतात नीट," ती म्हणाली.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्या शनिवारी घरी न जाता ती माशांच्या दुकानात गेली. भाऊजी जिथून पट्ट्या आणायचे तेच हे दुकान. पूर्वी एक-दोनदा ती दारातूनच परतली होती. आत भिंतभर टाक्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या कोरड्या, पालथ्या घातलेल्या. चष्मेवाला मालक एकटाच एका टाकीची काच कागदाने पुसत होता.

तिने सांगितलं, या वेळी एकदाच, हळू आवाजात. तो पुसायचा थांबला.

"किती आठवडे झाले म्हणालात?"

"चार होतील आता."

"मी माझ्या भावाला हाकललं, बाई." तो काचेकडेच बघत होता. "दुपारचं दुकान तो बघायचा. त्याला साबणाने हात धुवून तसेच पाण्यात घालायची सवय. मला वाटलं त्यानेच मारले. गिऱ्हाइकांसमोर बोललो त्याला. नको ते बोललो. तो म्हणत होता, नाही धुतले मी साबणाने. कोण ऐकतो."

ती उभीच राहिली. बसायला स्टूल होतं पण त्याने बसा म्हटलं नाही आणि तिलाही बसावंसं वाटलं नाही.

"आता त्याला मी काय सांगू?" तो म्हणाला. "माझं तो ऐकून घेणार नाही. तुम्हीच सांगा."

भाऊ दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तिने जिन्यात तीनदा दम खाल्ला. दार अर्धवट उघडलं, साखळी तशीच अडकवलेली. आतल्या माणसाने तिचं सगळं बोलणं फटीतून ऐकून घेतलं. चेहरा हलला नाही.

"हे लेखी देता का?" तो म्हणाला. "तोंडी बोललेलं त्याच्याकडे टिकत नाही."

तिच्या पिशवीत खात्याचे कोरे फॉर्म होते. तिने जिन्याच्या पायरीवर बसून एका फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं, की अमुक तारखेपासून पाण्यात क्लोरामाइन आहे, ते माशांना मारतं, याची सूचना दुकानाला द्यायची राहिली, आणि ती माझ्या हातून राहिली. खाली सही केली. इतक्या वर्षांत तिने हजारो कागदांवर सही केली होती. या कागदावर सही करताना पेन अडखळलं नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं. साखळी निघाली. माणसाने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "द्या." ते नळाचंच होतं. ती ग्लासभर प्यायली.

सोमवारी ती फेरी संपवून प्रयोगशाळेत पोचली तोवर त्या कागदाची बातमी साहेबांपर्यंत गेली होती. भावाने कागद दाखवल्यावर दुकानदाराने खात्यात फोन केला होता.

"लेखी कशाला दिलंत?" साहेबांनी विचारलं. ते वाईट नव्हते, दमलेलेच होते. "बोलून भागलं असतं. आता ही खात्याची चूक झाली."

"खात्याची नाही, साहेब. ओळ मी काढली होती."

"का पण?"

"पान पुरत नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. नोटीस ती ओळ घालून पुन्हा काढायची आणि प्रत्येक पाण्याच्या टाकीवर, बिल भरण्याच्या खिडकीवर लावायची. दुसरं, तिच्या नावाने निघणाऱ्या लेखी समजेचा मसुदाही तिनेच करून द्यायचा, कारण टंकलेखनाला दुसरं कुणी नव्हतं. तिने दोन्ही केलं. नोटीस दोन पानांची झाली. समज अर्ध्या पानात संपली.

नोटीस लागल्यावर लोक घरी यायला लागले. कुणाची चार मासे असलेली बरणी, कुणाची भिंतीएवढी टाकी. दुकानदारच पत्ता द्यायचा. बहुधा तीही त्याची भरपाई करून घ्यायची एक तऱ्हा असावी. लोक शीतपेयाच्या बाटलीत नळाचं पाणी घेऊन दारात उभे राहायचे. "जरा बघता का बाई, हे चालेल का?" तिला नाही म्हणता यायचं नाही. दिवसभराच्या चोवीस बाटल्यांवर आणखी तीन-चार. एका संध्याकाळी ती नळीत गोळी टाकून बसली आणि रंग यायच्या आत खुर्चीतच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ते पाणी घेऊन आलेली बाई निघून गेली होती आणि नळी भाऊजींच्या हातात होती.

"एक पूर्णांक सहा सांगितलं तिला," ते म्हणाले. "पिंपाला हायपो किती ते कागदावर लिहून दिलं. बरोबर ना?"

दहा दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. तिने नळी बघितली, तक्ता लावला. एक पूर्णांक सहाच होतं.

"बरोबर," ती म्हणाली.

"अमोनियाचं कसं बघायचं ते शिकव. त्या बाईने विचारलं, मला येईना."

तिने शिकवलं. हायपोने क्लोरीन मेला तरी अमोनिया पाण्यात उरतो. पिवळा रंग म्हणजे ठीक, हिरवट झाला की धोका. भाऊजींनी पिवळ्याच्या पाच छटा वेगळ्या काढून दाखवल्या. तिला त्यांतल्या दोनच दिसत होत्या.

म्हातारीबद्दल ते एकदाच बोलले, तेही कुंडीला पाणी घालताना, तिच्याकडे न बघता. "अकरा वर्षं म्हणजे तिचं वय झालंच होतं. पण वयाने गेली असती तर मला चाललं असतं."

दुकानदाराचा भाऊ परत दुकानात आला नाही. त्याला एका गोदामात काम मिळालं होतं आणि ते त्याला बरं वाटत होतं. पण रविवारी तो टाक्या धुवायला येतो, असं दुकानदाराने भाऊजींना सांगितलं, आणि भाऊजींनी ते तिला सांगितलं. टाकीत सहाच मासे राहिले. नवे आणायचे का, असं तिने विचारलं तर भाऊजी म्हणाले, "बघू. घाई कसली."

नोकरीची अजून नऊ वर्षं होती. गाडी सकाळी सातलाच निघायची. टाचांसाठी डॉक्टरांनी मऊ तळाच्या चपला दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला, फार नाही.

एका शनिवारी ती दुपारी घरी आली, पदर न सावरता आतल्या खोलीत पलंगावर आडवी झाली आणि तशीच झोपली. चारच्या सुमाराला दाराची घंटा वाजली असावी. भाऊजींनी घंटेबरोबर लागणारा दिवा दारावर बसवून घेतला होता. मग त्यांचा तो छापखान्यातला आवाज सगळ्या घरात भरला.

"ती झोपली आहे. मोठ्याने बोलू नका. पाणी इथे ठेवा, मी बघतो."

ती जागी झाली होती. पण उठली नाही. कूस बदलून तिने डोळे पुन्हा मिटून घेतले.